बैलछाप बुटाचा शोध

ती केस आठवली की मला आधी हसू येतं. मग आठवतं, त्या दिवसांत हसण्यासारखं काहीच नव्हतं. एका पोरीची अख्खी उमेद एका बुटाच्या ठशावर टांगलेली होती.

माझा उभा जन्म पोलीस खात्यात गेला. शिपाई म्हणून लागले, भाकरी थापता थापता कायद्याची कलमं पाठ केली, खात्याच्या परीक्षा दिल्या आणि फौजदार होऊन घरी आले. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नातवंडांना केस सांगायला बसले की ती एकच मागतात. आजी, मेंढ्याची सांग. म्हणून तीच लिहिते. कुणाचं नाव घालत नाही, कारण माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. मेंढ्याचं तेवढं सांगते, तो काही माझ्यावर अब्रूचा दावा लावायचा नाही. त्याचं नाव सरदार.

केजच्या बाजूला आमचं ठाणं होतं. सकाळची हजेरी झाली, ड्यूट्या वाटून झाल्या, चहा आला, तेवढ्यात एक म्हातारी आणि तिचा मुलगा आत आले. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. मेंढपाळ माणसं. आमचे ठाणे अंमलदार म्हणजे एक जुने हवालदार, अंगानं भारी आणि कामाला चोख.

"बोला मावशी, काय झालं?"

"सरदार गेला वो दादा. पहाटेपासून पत्ता न्हाई."

हवालदारांनी गंभीर तोंड करून बेपत्ता माणसाची नोंद घ्यायला सुरुवात केली. "वय?"

"चार वर्सं."

हवालदारांचा हात थांबला. लहान लेकरू म्हटल्यावर मीही खुर्चीतून उठले. "अंगावर कपडे काय होते?"

"कपडे कावून आसतील? लोकर व्हती."

शिपायानं तोंडातला चहा कसाबसा गिळला. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे कुणी हसलं नाही.

आमच्या भागात रब्बीची रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो आणि शेतात मेंढ्या बसवून घेतो. लेंड्यांचं खत रानाला मिळतं, मेंढपाळाला दाणापाणी मिळतं. एक रान झालं की दुसरं, असा मुक्काम पुढे सरकतो. सरदार हा त्या कळपाचा पुढचा मेंढा. देवाच्या नावानं सोडलेला, म्हणजे विकायचा नाही की कापायचा नाही. म्हातारीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. तो पुढे चालला तरच मागचा कळप हलायचा, आणि त्याच दिवशी त्यांना पुढच्या रानात जायचं होतं.

"शंभरदा हाकलल्या बाई," मुलगा म्हणाला. "एक मेंढी पाय उचलंना. समद्या तोंड वर करून त्येची वाट बघत्यात."

अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल केला, दोन पंच घेतले आणि जागेवर गेलो.

मेंढ्यांच्या भोवती जाळीचं कुंपण लावतात, त्याला वाघूर म्हणतात. एका बाजूनं ती वाघूर खाली दबलेली होती. तिथून बांधापर्यंत पाटाचं पाणी झिरपून माती लोण्यासारखी झालेली, आणि त्या मातीत बुटाचे ठसे, बरोबर मेंढ्याचे खूर. दोन्ही सडकेकडे गेलेले. सडक डांबरी, तिथं पुढे काहीच उमटलं नव्हतं.

ठशात पिठासारखं प्लास्टर कालवून ओतलं. ते सुकेपर्यंत माणसं लांब ठेवणं हेच खरं काम असतं, कारण गावातला प्रत्येक जण आपापला पाय लावून बघायला येतो. साचा निघाला तो झकास. चवड्याखाली बारीक चांदण्या, मध्ये आडव्या खाचा, आणि टाचेच्या गोलात कंपनीची खूण. ती खूण मात्र अर्धीच उमटली होती. वर निमुळती होत गेलेली, जराशी बाहेर वळलेली दोन टोकं.

हवालदार वाकून बघत म्हणाले, "शिंगं हायेत मॅडम. बैलछाप बूट."

पंचांनी माना डोलावल्या. मलाही शिंगंच दिसली. बैलपोळ्याला शिंगं रंगवणाऱ्या मुलखात वर निघालेल्या दोन टोकांना दुसरं काय म्हणणार? पंचनाम्यात लिहिलं, 'टाचेवर बैलाच्या शिंगांसारखे चिन्ह.'

संध्याकाळी नाक्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. चहावाला हा पोलिसांचा तिसरा डोळा असतो. "मॅडम, माझं नाव मधी घिऊ नका. त्या सडकंनं रोज तांबडं फुटायला भरतीची पोरं पळत्यात. बूट घालून पळणारं दुसरं हाय कोण?"

खबर खरी होती. बीड जिल्ह्यात पहाटे कुठल्याही सडकेला जा, पोलीस भरतीची, सैन्यभरतीची पोरंपोरी पळताना दिसतील. खिशात भिजवलेले हरभरे, मनगटाला घड्याळ. पण भरतीच्या पोराचं नाव गुन्ह्यात आलं की चारित्र्य पडताळणीत ते अडकतं. पुढे निर्दोष सुटलं तरी भरती कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी केजच्या बाजारातली चपला-बुटांची दुकानं पालथी घातली आणि हात हलवत आले.

"काय म्हणाले?"

"बैलछाप पेंड मिळती म्हणले. बूट न्हाई."

मला दुसऱ्या एका गुन्ह्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणायला अंबाजोगाईला जायचंच होतं. साचा साडीच्या जुन्या पदरात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात घातला आणि बरोबर नेला. सरकारी दवाखान्यातलं काम उरकलं आणि खेळाच्या सामानाच्या एका दुकानात शिरले. मी साध्या साडीत. समोर मांडलेला एकेक बूट उचलायचा, उलटा करायचा, ठेवायचा.

दुकानदाराचा जीव वरखाली. "मावशी, बूट वरून बघत्यात, खालून न्हाई."

"मला खालूनच घ्यायचाय," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात तो हातात आला. चवड्याखाली चांदण्या, मध्ये आडव्या खाचा, आणि टाचेच्या गोलात एक गुबगुबीत ससा, कान वर करून बसलेला. मी अंगठ्यानं सशाचं तोंड झाकलं. उरले फक्त कान. डबा उघडला, साचा शेजारी ठेवला. आमचा बैल!

दुकानात एकटीच खदाखदा हसले. दुकानदाराला वाटलं बाईचं काहीतरी बिघडलंय. मग ओळखपत्र दाखवलं तेव्हा तो सावरला. त्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, आपण ससाछाप म्हणू. बूट भारीतला होता, आणि साचा होता बायकी मापाचा.

"ह्या मापाचा जोड कुणी नेला, आठवतं का?"

"आठवतं म्हंजे! इसरीन का मी? तीन पोरी आल्त्या. तिघींनी एकच जोड आळीपाळीनं घालून बघितला. एकीनं घालायचा, दुकानात पळायचं, काढायचा, मग दुसरीनं. मी म्हणलं, बायांनो, बूट घ्यायला आलाव का नवरी बघायला? तर म्हणल्या, आमच्या तिघींत एकच घ्यायचाय." जाताना त्यांनी गावाकडच्या एसटीची वेळ विचारली होती, म्हणून गावही त्याच्या ध्यानात होतं. मेंढ्या बसल्या होत्या तेच गाव.

परत आले तर मोठे साहेब वाट बघत होते. ज्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या ते शेत गावातल्या एका पुढाऱ्याचं, आणि पुढाऱ्याचे फोनवर फोन. पोरींचा बूट निघाला हे मी ठाण्यात पोचायच्या आधी त्याला कळलं कसं, देव जाणे. गावात बातमीला एसटी लागत नाही. तो साहेबांना म्हणाला होता, "पोरींना चड्ड्या घालून सडकंवर पळायला सोडलं की आसंच हुणार. घाला नावं, म्हंजे बाकीच्या बी घरी बसतील."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण घाईतला होता. "बाई, बूट जप्त करा आणि जिच्या पायात होता तिचं नाव घाला. ठसा जुळलाय, आणखी काय पाहिजे?"

"साहेब, परवा बीडला पोरींचं भरतीचं ग्राउंड आहे, पळायची परीक्षा. तिघींत एकच जोड. जप्त केला तर तिघीही अनवाणी पळतील."

"मग?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. बूट कुठं पळून जात नाही."

"बूट पळण्यासाठीच असतो, बाई," साहेब म्हणाले. पण थांबले.

सकाळी बोलावलेल्या तिन्ही पोरी बूट घेऊन, आयांबरोबर आल्या. एक उंच, एक लांब वेणीची, एक ठेंगणी. ठेंगणीची आई शाळेत खिचडी शिजवायची, ती तशीच हाताला हळद लागलेली आली होती. मी पोरींना वेगवेगळं बसवलं आणि प्रत्येकीला एकच विचारलं. त्या पहाटे बूट कुणाच्या पायात होता?

उंच म्हणाली, "माझ्या."

वेणीवाली म्हणाली, "माझ्या पायात व्हता मॅडम, शप्पथ."

ठेंगणी खाली बघत म्हणाली, "मीच घातल्ता."

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्या बुटाला पाय दोन हायेत का सहा?"

आदल्या दिवशी शिवारात बसून त्यांनी ठरवलं होतं. तिघींनी मीच म्हणायचं, म्हणजे पोलिसांना एकीचं नाव घालता येणार नाही. तिन्ही नावं घालता येतात हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं मी माणसांना दुसऱ्याकडे बोट दाखवताना पाहिलं होतं. स्वतःकडे बोट दाखवायला रांग लागलेली तेव्हाच पाहिली. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले आणि पदरानं तोंड पुसून परत आले.

ठाण्यामागं पाण्याचा हौद होता, तिथली माती नेहमी ओली. तिघींना पंचांसमोर आळीपाळीनं तोच जोड घालून पळायला लावलं. उंच पोरीला बूट नेमका बसायचा. वेणीवालीला जरा घट्ट. ठेंगणीचा पाय लहान, पुढं चिंध्या कोंबल्या तरी टाच आत सरकायची, आणि तिच्या ठशात टाचेची कड दुहेरी उमटायची. माझ्या साच्यातही टाचेची कड दुहेरी होती.

ठेंगणीनं ते बघितलं आणि पाय मागं ओढून घेतला. तिची आई पुढं आली. "आवो बाई, माझी पोरगी उद्याच्या ग्राउंडसाठी दोन वर्सं पळतीय. तिचं नाव नका घालू, माझं घाला."

आता साहेबांच्या हिशेबानं केस संपली होती. पण मघापासून मला एक गोष्ट खुपत होती. मी जागेवरचे फोटो पुन्हा काढले आणि नीट बघितले. बुटाचे ठसे लांब लांब अंतरावर होते, चवडा खोल आणि टाच हलकी. म्हणजे माणूस पळत होता. आता तुम्हीच सांगा, अंगानं भरलेला मेंढा दोरीनं ओढत कुणी असं पळेल का? ओढणाऱ्याची टाच रुतते. आणि दुसरं असं की जिथं खूर आणि बूट एका जागी पडले होते, तिथं खूर वर होता आणि बूट खाली. आधी बूट गेला. मागून मेंढा.

पोरीला जवळ बसवलं. म्हटलं, "बाळ, तू मेंढ्याला नेलं नाहीस. मेंढा तुझ्यामागं आला. होय ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जे रडायला लागली ते थांबेचना. रडता रडता सगळं सांगितलं. आठवडाभर ती रोज पहाटे शेतातनं सडकेला लागताना वाघुरीपाशी थांबून सरदारला खिशातले मूठभर हरभरे द्यायची. त्या दिवशी वेळ लावून पळायचं होतं, म्हणून तशीच पुढं गेली. पठ्ठ्यानं जाळी दाबली, बाहेर उडी मारली आणि हरभऱ्याच्या मागं धावला.

"मग तू त्याला माघारी का नेलं नाहीस?"

"तिकाटण्यापर्यंत मागं आला मॅडम. तितं एक दुसरा कळप चाल्ला व्हता, घंट्या वाजत व्हत्या. म्या हाड हाड केलं, त्यो थांबला. मला वाटलं जाईल माघारी. पुन्यांदा वळून न्हाई बघितलं."

"का नाही बघितलं?"

"घड्याळ लावल्तं ना. थांबले तर टाइम जाईल."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. पण जो भरतीचं पळणं पळलाय त्याला हे पटेल. तिथं एका सेकंदासाठी माणूस आईला ओळखत नाही, मेंढ्याला कुठून ओळखणार!

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं की गं."

"मेंढा सोताहून मागं आला म्हणलं आस्तं तर कुणी खरं धरलं आस्तं?"

म्हातारीला, पोरीला, तिच्या आईला आणि दोन्ही पंचांना जीपमध्ये घातलं आणि निघालो. दुसरा कळप तिकाटण्यावरून, म्हणजे तीन वाटा फुटतात तिथून, लिंबागणेशच्या वाटेला लागला होता. वाटेत विचारत विचारत दुपारी एका माळावर तो गाठला. त्या कळपाचा मालक पोलिसांची गाडी बघून हात जोडूनच पुढं आला.

"आला सायेब एक मेंढा, मी न्हाई आणला. आमच्या मेंढ्यांत घुसला, हाकलला तरी जाईना. म्हणलं मालक येईल हुडकत. इचारा वाटंवरच्या गावात, समद्यांना सांगत आलोय."

वाटेतल्या गावात ते आम्हाला कळलंच होतं. माणूस खरा होता. पण कळपात तसलेच काळे, वळलेल्या शिंगांचे नर पाच-सहा. नियमाप्रमाणे ओळख पटायला हवी. म्हणून माझ्या नोकरीतली ती एकमेव ओळख परेड मी माळावर भरवली. सगळे नर एका ओळीत, समोर पंच, आणि म्हातारीला पुढं केलं.

म्हातारीनं हाक दिली. "सरदाऽर! ये माज्या राजा!"

एका नरानं कान हलवला, आमच्याकडे बघितलं आणि मागं उभ्या मेंढीचं अंग हुंगायला परत मान फिरवली.

"त्योच हाय मेला!" म्हातारी भडकली. "बाटलीनं दूध पाजलं तुला, आन् आता वळख देईनास व्हय?"

पंचांतला एक म्हणाला, "आजी, त्येचं लगीन ठरलंय. आता कशाचा येतोय?"

मालकानं हाकललं, पंचांनी हाका मारल्या, सगळे हसले, पण मेंढा आला नाही. आणि कान हलवण्यावर पंचनामा होत नाही. मग मला सुचलं. पोरीला म्हटलं, "बूट घाल. खिशात हरभरे आहेत का?"

"हायेत."

"मग रोजच्यासारखी पळ."

पोरगी माळावरून पळत सुटली. बुटाचा धपधप आवाज झाला आणि सरदारनं झटकन मान वर केली. मेंढीला विसरला, रांग मोडली, मध्ये उभ्या असलेल्या आमच्या हवालदारांना एक टक्कर देऊन बसवलं आणि गोळीसारखा तिच्या मागं निघाला. ती पुढं, तो मागं, पार माळाच्या टोकापर्यंत. आणि मातीत बघितलं तर खाली सशाचे कान, वर मेंढ्याचा खूर. तंतोतंत माझे फोटो.

हवालदार धूळ झटकत उठले. "मॅडम, ओळख परेडीत साक्षीदारानं चोर वळखायचा आस्तो. हितं मुद्देमालानंच चोर वळखला."

"चोर नका म्हणू," मी म्हटलं. "पुन्हा टक्कर बसेल."

म्हातारीनं जाऊन पोरीच्या तोंडावरून हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. पोरीची आई हसत होती आणि रडतही होती. म्हातारी सरदारच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "चल घरी. तुजी समदी बायकापोरं खोळंबलीत."

संध्याकाळच्या आत साहेबांच्या टेबलावर पंचनामा गेला. साहेबांनी वाचला, परत वाचला, आणि हवालदारांना टक्कर बसली त्या ओळीवर आल्यावर चष्मा काढून हसले. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरीचा, म्हणजे केस बंद करायचा, अहवाल कोर्टात पाठवला. पुढाऱ्याचा फोन साहेबांनी स्वतः घेतला. "चोर सापडला," म्हणाले. "चार पायांचा आहे. त्याचं नाव घालू का?" पलीकडून फोन ठेवला गेला.

ग्राउंडच्या दिवशी तिघींचे नंबर वेगवेगळ्या तुकड्यांत लागले. एकीनं पळायचं, धापा टाकत बूट काढायचा, दुसरीनं घालायचा. कुंपणाबाहेर तिघींच्या आया उभ्या. त्या वर्षी उंच आणि ठेंगणी लागल्या, वेणीवाली पुढच्या वर्षी लागली.

ह्या केसनं मला काय शिकवलं? ठसा खोटं बोलत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे. ते खरंच आहे. पण तो आपण विचारू तेवढंच सांगतो. बूट कुणाचा एवढंच विचारून मी थांबले असते, तर त्यानं खरं सांगितलं असतं आणि एक पोरगी कायमची घरी बसली असती. त्या दिवसापासून मी हाताखालच्या पोरांना सांगत आले, की नाव लिहायच्या आधी जागेवर आणखी एकदा वाकून बघा. आणि पहिल्या नजरेला शिंगं दिसली तर ते कान तर नाहीत ना, हेही बघा.

परवा केजच्या बसस्थानकावर ती ठेंगणी भेटली. वर्दीत होती. कडक सॅल्यूट ठोकला, मग पाया पडली. मी विचारलं, "अगं, तो बूट कुठंय?"

"गावातच हाय मॅडम. आमच्यामागं किती पोरी त्याच्यावर पळल्या, आता धाकट्या बहिणीच्या पायात हाय. ती बघा."

बाकावर एक पोरगी बसली होती, बीडच्या गाडीची वाट बघत. मी तिला म्हटलं, पाय वर कर बाळ. तिनं बहिणीकडे बघितलं, लाजली आणि पाय वर केला. बाजू दोनदा शिवलेल्या, नाडी नवी. तळ पार गुळगुळीत झालेला. चांदण्या गेल्या, खाचा गेल्या, आणि टाचेवर ससा होता तिथं नुसता गोल उरलेला.

तेवढ्यात गाडी लागली. पोरगी उठली आणि धावत जाऊन चढली. मी खाली धुळीत बघितलं. कुणाचा बूट ते मलासुद्धा सांगता आलं नसतं.